ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यातला टीव्ही

माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला मोबाईलच्या काचेची जितकी काळजी असते, तितकी दुसऱ्या कशाचीच नसते. "भाऊ, गार्ड चांगला लावजा जी, बुडबुडा राह्यला नाही पायजे." मी बुडबुडा राहू देत नाही. मग तो मोबाईल उलटा करतो, कव्हर काढतो, आणि आत एटीएमचं कार्ड निघतं. कार्डावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं लिहिलेला पिन. काच सुरक्षित, बाकी सगळं जगजाहीर.

मोबाईल दुरुस्तीला ठेवताना तर मी विचारायच्या आत लॉक सांगतात. भर दुकानात, चार माणसं उभी असताना. "काही नाही भाऊ, ठिपक्यावर सीधा झेड काढा." मी मुद्दाम मान वळवून उभा राहतो. म्हणजे त्यानं त्याचं उघडून द्यावं आणि मला काही कळू नये. तर हाक मारून दाखवतात. "इकडे पाहा ना जी, मंग खोलाल कसे?" घरच्या बायकोला माहीत नसलेली गोष्ट आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या मोबाईलवाल्याला माहीत असते, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला पत्र पाठवून कळवलं की डिजिटल सुरक्षेवर लिहा, पण लोकांना समजेल असं. लोकांना समजत नाही असं त्यांना कुणी सांगितलं? लोकांना सगळं समजतं. दुसऱ्याचं काही लपलेलं असेल तर ते बाहेर कसं काढायचं, हे तर फारच चांगलं समजतं. या धंद्यात माझी उमर गेली आहे, आणि आता दुकान पुतण्याच्या हाती देऊन मी नुसता गल्ल्यामागे बसतो, म्हणून हे बोलायला मोकळा आहे.

मी सुरुवात केली एकोणीसशे नव्याण्णव साली, एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाहेर डिशच्या छत्र्या, आत एसटीडीचं केबिन. तेव्हा लोक मला डिशवाले भाऊ म्हणत. नंतर मोबाईलवाले भाऊ झालो, शेवटी कॅमेरेवाले भाऊ. रामटेके हे आडनाव फक्त लाईटच्या बिलावर राहिलं. त्या केबिनची एक गंमत सांगतो. माणूस आत शिरला की काचेचं दार पक्कं लावून घ्यायचा, दोनदा ओढून पाहायचा, आणि मग पुण्याला कामाला गेलेल्या भावाशी इतक्या जोरात बोलायचा की समोरचा भजेवाला मान डोलवायचा. सगळ्या बाजाराला ऐकू जायचं. पण दार लावल्याशिवाय एकानंही कधी नंबर फिरवला नाही. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता वाटतं, त्या लोकांना निदान दार म्हणजे काय हे ठाऊक होतं.

पुढे इंटरनेट आलं, आणि दार या गोष्टीची गरजच संपली. पोरांना नोकरीचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असत. त्यासाठी ईमेल लागे. फॉर्म भरून देणारा सगळ्यांचे ईमेल स्वतःच काढून द्यायचा, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवायचा: स्वतःचा मोबाईल नंबर. म्हणजे आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीची किल्ली एका माणसाच्या खिशात होती. तो माणूस भला होता म्हणून बरं. मी एकदा एका मास्तरांना म्हटलं, सर, तुमच्या पोराचा पासवर्ड बदलून घ्या. ते म्हणाले, "मंग विसरला तर कोनाले विचारायचं?"

पण आज सांगायचं आहे ते कॅमेऱ्याचं. ज्या गावाबद्दल सांगणार आहे त्याचं नाव लिहीत नाही. गोरेगाव तालुक्यातलं आहे एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत.

कॅमेऱ्याचा धंदा बाहेरच्याला फार अवघड वाटतो. तसं त्यात काही नाही. खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यातून वायर, वायर एका डब्यात, डब्यातून टीव्हीवर चित्र. डबा काही दिवसांचं चित्र साठवतो, जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. झालं. गिऱ्हाईक सगळं डोकं लावतं ते कॅमेरा कुठे बसवायचा यावर. खरा प्रश्न वेगळा असतो: टीव्ही कुठे ठेवायचा? कॅमेऱ्याला काही कळत नाही, तो नुसता टक लावून असतो. टीव्हीसमोर कोण बसतं, त्यावर सगळं ठरतं. गोंदियातल्या एका राईस मिलवाल्या शेठजींनी माझ्याकडून कॅमेरे लावून घेतले होते, धान चोरीला जातं म्हणून. नंतर मला ते एका लग्नात भेटले. ताटात गुलाबजाम, आणि नजर मोबाईलवर. मला जवळ बोलावून म्हणाले, "देखो, वो हमाल कब से बैठा है." स्वतः तासभर बसलेला माणूस हे म्हणत होता. धानाच्या चोराचं त्यांना पुढे कधी आठवलंही नाही.

तर त्या गावात सौर दिव्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या. खांब तसेच, वरची काच तशीच, खालच्या पेटीतली बॅटरी गायब. सरपंच होते खेमराजभाऊ, हौशी माणूस. गोंदियाला कुठल्या तरी कार्यालयात त्यांनी भिंतीवरचा मोठा टीव्ही आणि त्यावरच्या चार चौकटी पाहिल्या होत्या. तेच डोक्यात घेऊन ते माझ्या दुकानात आले. "रामटेके भाऊ, आपलं गाव हायटेक करून टाका."

मी चार कॅमेरे लावले. एक बसथांब्यावर, एक शाळेजवळ, एक पंचायतीच्या दारावर रस्त्याकडे तोंड करून आणि एक मधल्या चौकात, जिथं बोअरिंगचा हातपंप आहे. डबा आणि टीव्ही सरपंचांच्या खोलीत. नारळ फुटला, पोह्यांच्या प्लेटा फिरल्या, मी घरी आलो.

आठवडा गेला नसेल, तोच बोलावणं आलं. ग्रामसभेत भांडण पेटलं होतं. मी पोचलो तेव्हा विरोधी पार्टीचे लोक उभे राहून विचारत होते, "गाव सब्बन गावाचं, पैसा सब्बन गावाचा, अन् पाह्यन फक्त सरपंच? काऊन?" खेमराजभाऊ म्हणाले, "मी कायले पाहू? मले धंदे नाही काय?" "मंग टीव्ही बाहेर ठेवा. सब्बन पाहतीन." टाळ्या पडल्या. ठराव झाला. मी तिथंच शिडी लावून टीव्ही ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात, भिंतीवर उंच, रस्त्याकडे तोंड करून बसवला.

खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या गावाचा अभिमान वाटला. शहरात कोण कुणाला कुठून पाहतंय याचा पत्ता नसतो. इथं सगळ्यांना सगळे पाहणार. याहून सरळ न्याय काय असतो? गोंदियाच्या दुकानदारांना मी ही गोष्ट हिंदीत रंगवून सांगायचो.

वऱ्हांडा पहिल्या दिवसापासून भरला. सर्वात पुढे सुखराम बाबा. हा म्हातारा स्वभावानं वाईट नव्हता, पण पाटबंधारे खात्याच्या नोकरीतून सुटल्यापासून त्याला पाहायला काही नव्हतं. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर त्यानं आयुष्यभर पाणी सोडलं, पाणी बंद केलं. आता त्याला चार चौकटी मिळाल्या. मी दुरुस्तीला गेलो की त्याची बडबड ऐकायचो. "हा पाहा, गणपत बसमधून उतरला. थैली मोठी आहे. गोंदियाले गेलता वाटते. आता हा घराकडे जाईन का तिकडे? नाही, तिकडेच चालला." बाकीचे हसायचे. लाईट गेली की चुकचुकायचे, जणू सामना ऐन रंगात आला आणि कुणी टीव्ही बंद केला.

पण गावात दाखवण्यासारखं रोज काय घडणार? दिवसातला बराच वेळ टीव्हीवर बकऱ्या असत, कुत्रे असत, आणि हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाया असत. बकऱ्या पाहून माणूस थकतो. उरल्या बाया. कोण कुणाशी बोलली, कोण रिकामीच थांबली, कुणाच्या घागरीला इतका वेळ का लागला. आधी त्या पंपावर बायांचा गलका असायचा, तो मी स्वतः ऐकला आहे. पुढच्या फेरीला गेलो तर पंपाच्या दांड्याची करकर तेवढी ऐकू येत होती. बाया पदर कपाळापर्यंत ओढून, खाली मान घालून पाणी भरत होत्या आणि निघून जात होत्या. काही जणी तर लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. सुखराम बाबा मला म्हणाला, "कॅमेऱ्यानं शिस्त आली बाप्पा." मीही मान डोलवली.

मग एका बाजाराच्या दिवशी वनिता मेश्राम माझ्या दुकानात आली. ती त्या गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र आणि गाव यांच्यामधली बाई. बाळंतपणाला सोबत जाणं, लसीची आठवण देणं, गोळ्या वाटणं हे तिचं काम. तिचं घर चौकातल्या हातपंपाला लागून. थैलीत भाजी, चेहरा तापलेला. बसा म्हटलं तर बसली नाही.

"भाऊ, तो चौकातला कॅमेरा थोडासा तिकडे फिरवून द्या. माहा दरवाजा दिसते त्याच्यात."

मी म्हटलं, "ताई, ठराव लागेल. मी असा कसा फिरवू? आणि दरवाजा दिसला तर काय झालं? ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कसली?" हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो. त्यावर माझे बरेच कॅमेरे खपले होते.

ती दुकानाच्या मागच्या बाजूच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो पडदा कायले लावला जी?"

मागे माझी जेवायची जागा होती. मी म्हटलं, "डबा खातो तिथं."

"चोरीचा डबा खाता काय?"

दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली, आणि मग हळू आवाजात तिनं जे सांगितलं ते असं. गावातल्या एका सुनेला टीबी झाला होता. क्षयरोग. बरा होणारा आजार, पण गोळ्या सहा महिने चुकवायच्या नाहीत. तेव्हा पद्धत अशी होती की गोळ्यांचा डबा आशाताईच्या घरी राहायचा, आणि रोग्यानं एक दिवसाआड तिच्यासमोर येऊन गोळ्या गिळायच्या. त्या सुनेनं सासरी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला माहेरी पाठवून दिलं असतं, आणि तिचं लेकरू सासरी ठेवून घेतलं असतं. तिच्याआधी त्याच घरातल्या एका जावेचं तसंच झालं होतं. म्हणून ती पाण्याला म्हणून निघायची, घागर पंपाखाली ठेवायची, पटकन वनिताच्या दारात शिरून गोळ्या घ्यायची, आणि घागर भरून घरी. कुणाला काही कळत नव्हतं.

"अन् आता," वनिता म्हणाली, "तो सुखराम बाबा टीव्हीवर पाहून सांगते, हे सून एक दिवसाआड आशाच्या घरी कायले जाऊन राह्यली? कोनी म्हनते पोट पाडाच्या गोळ्या खाते. सासूच्या कानावर गेलं. आता सासूच पान्याले येते."

"मग ती गोळ्या कशा घेते?"

"धानाची रोवणी चालू होती तवरिक मी त्याईच्या बांधीत मजुरीनं गेली. चिखलात उभी राहून देल्ल्या तिले गोळ्या, बिस्किटाच्या पुड्यात घालून. आता रोवणी सरली. आता मी कोन्या बहान्यानं जाऊ? गोळ्या तुटल्या का रोग पलटून येते भाऊ, अन् मंग या गोळ्याईले आयकत नाही. तिचं लेकरू अजून अंगावर पिते."

मी म्हटलं, मग ग्रामसभेत सांगा, कॅमेरा फिरवून घेऊ. हे बोलताना माझं मलाच कळलं की मी काय मूर्खासारखं बोलतोय. ती म्हणाली, "काय सांगू? माह्या घरी बाया लपून येते, म्हनून कॅमेरा फिरवा? मंग उद्या साराच गाव माह्या दारात उभा राहीन, कोन येते पाह्याले."

गेली कित्येक वर्षं मी लोकांना सांगत होतो की आपलं आपल्यापाशी ठेवा, आणि कुणी ऐकत नव्हतं. आणि जिला खरोखर काही आपल्यापाशी ठेवायचं होतं, तिच्या वाटेवर खांब मीच रोवला होता.

आता माझी हुशारी ऐका. डब्यामध्ये एक सोय असते. चित्राचा जो भाग दाखवायचा नाही, त्यावर काळा चौकोन टाकता येतो. बँकेत वगैरे, जिथं माणूस पिन दाबतो तिथं टाकतात. मी मनात म्हटलं, कॅमेरा हलवायचा नाही, ठराव नको, बोलणं नको. सर्व्हिसिंगच्या नावाखाली गेलो, आणि वनिताच्या दरवाजावर बरोबर तेवढा काळा चौकोन टाकून परत आलो. वाटेत मोटारसायकलवर स्वतःवर इतका खूश होतो की गाणं म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खेमराजभाऊंचा फोन. "अरे भाऊ, टीव्हीत कारं काय आलं?" मी म्हटलं, तांत्रिक आहे, जाईल हळूहळू. पण मागून जो आवाज येत होता त्यावरून मला अंदाज आला. मी गेलो. वऱ्हांड्यात उभं राहायला जागा नव्हती. आजवर जे फिरकले नव्हते तेही आले होते, आणि बाकी तिन्ही चौकटी सोडून सगळे त्या काळ्या चौकोनाकडे पाहत होते. सुखराम बाबा टीव्हीजवळ जाऊन काठीनं दाखवत होता, "इथून बाई चालली, अन् हे पाहा, गायब झाली. आता बाहेर निंगन. थांबा. निंगन." अर्धी मंडळी टीव्हीवर पाहत होती आणि अर्धी धावत चौकात जाऊन प्रत्यक्ष दारासमोर उभी राहत होती, आत काय आहे ते बघायला. चौकातले टीव्हीवर दिसले की वऱ्हांड्यातले त्यांना हात करत होते. वनिता दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत जे होतं ते मी इथं लिहीत नाही.

मी तिथल्या तिथं चौकोन काढला. एवढ्या वर्षांच्या कामात माणसाच्या डोक्याबद्दल मी जे शिकलो त्यात हे सर्वात वर आहे: उघडं दार माणूस एक दिवस पाहील, दोन दिवस पाहील, मग कंटाळेल. झाकलेलं दार पाहायला तो जेवण सोडून येतो. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक सुरक्षेवर भाषणं देतात, त्यांनी एकदा या वऱ्हांड्यात येऊन बसावं.

जाताना वनितानं मला अडवलं. "भाऊ, आता तुमी काही करू नोका. फक्त पुढच्या ग्रामसभेले या. अन् मी जे विचारन त्याचं खरं उत्तर द्या."

मी गेलो. बचत गटाच्या बाया पहिल्यांदाच इतक्या संख्येनं आल्या होत्या. सगळ्या एका बाजूला जमिनीवर. नळ योजना, घरकुल, असले विषय झाले. मग वनिता उठली. मला वाटलं, आता ही कॅमेरा काढा म्हणणार आणि गाव हिला खाणार.

"कॅमेऱ्यानं गावाचं लई चांगलं झालं," ती म्हणाली. "मी तर म्हनते, कमीच पडून राह्यले. आखीन तीन पायजे." वऱ्हांड्यातली मंडळी एकदम खूश. खेमराजभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं पायजे, सांगा ताई."

"एक तलावाच्या पारीवर, जिथं पत्ते चालते. एक मोहाची दारू भेटते त्या बोळीत. अन् एक या वऱ्हांड्यावर, समोरच्या लिंबाले. कोन कवा येते, कितीक वेळ बसते, कोनाले पाहून हासते, सब दिसन. अन् या तिन्हीचा टीव्ही आमच्या गटाच्या खोलीत ठेवा. तुमी आमाले पाहा, आमी तुमाले पाहू. ज्यानं काही केलं नाही त्याले भेव कायचं?"

माझंच वाक्य. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाया आधी तोंडावर पदर घेऊन हसल्या, मग पदर काढून हसल्या. पुरुषांच्या बाजूनं एकजण म्हणाला, बोळीत लाईटचा खांब नाही, कसं जमणार? वनितानं मला विचारलं, "काऊन जी कॅमेरेवाले भाऊ, जमते का नाही?"

माझ्या धंद्यातलं इतकं गोड उत्तर मी पुन्हा कधी दिलं नाही. "एकदम जमते ताई. बॅटरीवर चालते. अंधारातही दिसते. चेहरा तर इतका साफ येते का ग्लासात किती आहे तेही दिसन."

यानंतर सूचना ज्याच्याकडून आली त्याचं नाव ऐकून तुम्ही हसाल. सुखराम बाबा काठी टेकत उठला. त्याची सकाळ वऱ्हांड्यात जायची, दुपार त्या बोळीत जायची, हे गावाला ठाऊक होतं, पण टीव्हीवर नव्हतं. घसा खाकरून म्हणाला, "मी काय म्हनतो बाप्पा, पावसाची झड लागते वऱ्हांड्यात. टीव्ही खराब होऊन राह्यला. गावाचा पैसा आहे. आत घेऊन घ्या अन् कुलूप लावा." एका दमात सगळे पुरुष हो हो म्हणाले. विरोधी पार्टी आणि सरपंच यांचं त्या पंचवार्षिकात एकमत झालेला तो एकच ठराव असावा. कारण लिहिलं गेलं: पावसाची झड. दिवस उन्हाचा होता.

मी पुन्हा शिडी लावली, टीव्ही आत नेला. जाता जाता शिडी चौकातल्या खांबालाही लावली आणि कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं. कुणी विचारलं नाही. आता त्यात कुणाला रस नव्हता.

त्या चार कॅमेऱ्यांनी गावातला एकही चोर पकडला नाही, हेही नोंदवून ठेवतो. उलट पुढच्या उन्हाळ्यात, लाईट गेलेली असताना, टीव्ही सोडून बाकी सगळं ज्या इन्व्हर्टरवर चालायचं त्याचीच बॅटरी कुणीतरी उचलून नेली. नवीन बॅटरी काही आली नाही, हळूहळू सगळंच बंद पडलं. कॅमेरे आजही खांबावर आहेत. एकात चिमणीनं घरटं केलं आहे. त्यातून काही दिसत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी चौकातून जाताना बाया त्या जागी पदर कपाळावर ओढतात. सवय लागली ती लागली. तो पदर पाहिला की मला माझ्या कामाची लाज वाटते, आणि राग येतो, आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नाही.

खेमराजभाऊ नंतर एकदा दुकानात येऊन हळूच म्हणाले होते, "भाऊ, ते कॅमेरे माह्या मोबाईलमंदी येते काय? फक्त मलेच दिसन असं?" मी म्हटलं, तुमच्या गावाला इंटरनेटची रेंज नाही. तेव्हा नव्हतीच. आता आहे, पण आता कॅमेऱ्यांची गरज कुणाला राहिली? ज्याच्या त्याच्या खिशात एक आहे, मागेही भोक, पुढेही भोक. नवीन ॲप टाकलं की मोबाईल विचारतो, तुमचे फोटो पाहू का, तुमचं बोलणं ऐकू का, तुम्ही कुठं आहात ते सांगू का. लोक न वाचता दाबतात: हो, हो, हो. वऱ्हांड्यात निदान सुखराम बाबा तरी दिसायचा. आता कोण बसलंय समोर, तेही दिसत नाही.

त्या सुनेचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. मीही वनिताला विचारलं होतं. नाव नाही, फक्त तब्येत. टीव्ही आत गेल्यावर महिन्याभरात गाव दुसऱ्या विषयाला लागलं. सासूचे गुडघे दुखतच होते, तिनं पाणी पुन्हा सुनेवर सोपवलं. मधे तुटलेल्या गोळ्यांमुळे औषध लांबवावं लागलं, वनिताच्या जिवाला घोर लागून राहिला. मग एका बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून जाताना ती न थांबताच म्हणाली, "कोर्स पुरा झाला भाऊ. थुंकी साफ आली." आणि भाजीच्या गर्दीत गेली.

याला काही वर्षं झाली. एक दिवस दुपारी एक बाई दुकानात आली, सोबत शाळेच्या ड्रेसातली पोरगी. बाईनं पदरातून नवा मोबाईल काढला. स्वतःच्या कमाईचा असावा, कारण हातातल्या पिशवीवर बचत गटाचं नाव होतं. मी सवयीनं विचारलं, "गार्ड लावू काय ताई?"

"गार्ड नोको. मले लॉक कसा लावाचा ते सांगा. आशाताईनं तुमच्याकडे धाडलं."

मी सेटिंग उघडून दिलं. म्हटलं, आता इथं ठिपके आहेत, तुम्हाला हवं तसं बोट फिरवा, दोनदा, सारखंच. आणि नेहमीप्रमाणे पुढची चौकशी केली, "काय ठेवता? सोपा झेड ठेवता का?"

तिनं मोबाईल छातीशी धरला, पोरीला बाजूला उभं केलं, आणि माझ्याकडे पाठ केली. तिच्या खांद्यावरून मला फक्त कोपर हललेलं दिसलं, दोनदा. मग वळली, मोबाईल पदरात बांधला आणि पोरीचा हात धरून निघाली. ती तीच सून होती की दुसरी कुणी, मला माहीत नाही. मी वनिताला विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

एवढ्या वर्षांत माझ्या दुकानात माझ्याकडे पाठ करून लॉक लावणारी ती एकटीच.